ओल्या काड्यांचं संथ गाणं

ताई, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळ्यांनी मिळून तुम्हाला मितभाषी करून टाकलं. जो उठेल तो तेच बोले. ऑफिसातले साहेब म्हणाले, अत्यंत शांत स्वभाव. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. तुमचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, माइक हातात घेऊन म्हणाला, माझी बहीण फार साधी होती, आणि माइक परत देऊन बसला. मी बायकांत बसले होते. साधी? विलायतेतसुद्धा कोणाला माहीत नसलेल्या बँडांवरून जी बाई माझ्याशी जन्मभर भांडली, ती साधी? मला हसू आलं. ते लपवायला पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या मावशींना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू आलं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. काय सांगणार होते? की आमच्या ताईंना पंक आवडायचं? निम्म्या लोकांना तो खायचा पदार्थ वाटला असता, आणि उरलेल्यांनी म्हटलं असतं, बाई दुःखाने काहीही बोलून राहिली. म्हणून तिथे गप्प बसले. आता घर रिकामं झालं आहे, पाहुणे नागपूरच्या गाडीत बसले, आणि मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

लग्न होऊन अमरावतीहून मी जबलपूरला या विजय नगरच्या घरात आले, तेव्हा मला आधीच सांगून ठेवलं होतं की मोठी नणंद नोकरी करते, लग्न करणार नाही म्हणते, आणि स्वभावाने जरा वेगळी आहे. 'जरा वेगळी' याचा अर्थ मी खाष्ट असा लावला. पहिल्याच रविवारी विहारातून वंदना करून सगळे परत आले, जेवणं झाली, आई-बाबा आडवे झाले, हे मित्रांकडे गेले, आणि वरच्या खोलीतून असा आवाज यायला लागला की वाटलं, कोणीतरी लोखंडी पिंप जिन्यावरून एकेक पायरी खाली आणतंय. मी घाबरून वर आले. तुम्ही जमिनीवर बसला होता. समोर वर्तमानपत्रावर मटारच्या शेंगांचा ढीग, बाजूला टेप.

"आली का? बस. शेंगा सोलता येतात ना?"

मी बसले. "हे काय लावलंय ताई?"

"गाणं आहे."

"कोणतं?"

"चांगलं," तुम्ही म्हणालात, आणि अर्धी शेंगांची रास माझ्याकडे सरकवली.

इतकीच आपली ओळख. त्यानंतर थंडीत मटार, उन्हाळ्यात गहू निवडायचा, कधी चिंच फोडायची, पण रविवारची दुपार वरच्या खोलीत हे ठरून गेलं. त्या टेपवर फिल्मी गाणं लावायची बंदी होती. तुमच्या भावाने एकदा हौसेने लावलं, तर तुम्ही कॅसेट काढून त्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे ऐकायला अख्खा गाव आहे. यांना ऐकायला मी एकटीच आहे."

'यांना' म्हणजे डोरीनच्या पोरांना. डोरीनची गोष्ट मला हळूहळू कळली. कॉलेजात तुमच्या बाकावर बसणारी, रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन मुलगी. तिचं घरदार उठून इंग्लंडला गेलं. तिकडे कारखान्यांच्या कुठल्याशा शहरात, एका पबच्या मागच्या हॉलमध्ये, येणाऱ्यांचे कोट सांभाळायचं काम तिला लागलं. त्या हॉलमध्ये गावातली पोरंपोरी येऊन गायची, वाजवायची, ओरडायची. दिवसा बेकरीत, बस डेपोत, शिवणाच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी बँड. त्यांनी घरच्या घरी भरलेल्या कॅसेटी डोरीन घ्यायची आणि इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून तुम्हाला पाठवायची. असंच ओरडून गाणारे, जगात नाव झालेले पंकवाले तुम्ही ऐकलेच नव्हते. पुढे मैत्रीने, आपल्या पोरीने, ते ऐकवले तर शांतपणे ऐकून तुम्ही म्हणालात, "ठीक आहेत. पण डोरीनच्या पोरांची नक्कल करून राहिलेत."

नावं तर काय एकेक. तुम्ही ती सगळी मराठीत आणली होती, कारण आईंनी विचारलं की सांगता यावीत. 'वेट मॅचेस' झाल्या ओल्या काड्या. 'नो चेंज गिव्हन' झाले छुट्टे नाहीत. 'आंट रूबीज टीथ' म्हणजे रूबी मावशीची कवळी. आई जिन्याखालून विचारायच्या, "काहून वं, आज कोण आहे?" आणि तुम्ही वरून सांगायचात, "आज कवळी आहे आई." "बरं," आई म्हणायच्या आणि कूस बदलायच्या. मला त्या घराचं याच गोष्टीसाठी कौतुक वाटतं. कोणाला काही कळत नव्हतं, पण कोणी बंद कर म्हटलं नाही.

मी मात्र भांडले. मी म्हणायची, ताई, हे लोक चांगले असते तर कोणाला तरी माहीत नसते का झाले? कोणी विचारलं नाही म्हणजे काहीतरी कारण असेल ना?

"विचारणारे कुठं बसतात ते आधी सांग."

"कुठं बसतात?"

"लंडनला. अन् ही पोरं लंडनची नाहीत." मग तुम्ही शेंग फोडून दाणे पातेल्यात टाकायचात आणि तुमचं ठरलेलं वाक्य यायचं. "राज्यं नवी झाली तेव्हा बाबा म्हणायचे, राजधानी जबलपूरलाच येते. हायकोर्ट आलं, राजधानी भोपाळला गेली. म्हणून जबलपूर वाईट झालं का? लंडन म्हणजे भोपाळ समज. हे आपले जबलपूरवाले."

यावर कोणत्याही जबलपूरच्या माणसाने काय बोलायचं? मी अमरावतीची असूनही गप्प बसायची. पण मनातून पटलेलं नव्हतं, आणि तुम्हाला ते कळायचं. मग तुम्ही एकेकाची कैफियत मांडायचात. 'छुट्टे नाहीत' वाल्यांकडे दोन बास गिटार होत्या आणि साधी गिटार एकही नव्हती, कारण गिटारवाला ठरलेल्या दिवशी आलाच नाही, म्हणून त्यांनी त्याच्यावाचून गायला सुरुवात केली आणि तेच त्यांचं वळण पडलं. कवळीवाल्या तिघी बहिणी होत्या. त्यांची रेकॉर्ड निघणार म्हणून ठरलं आणि कंपनीच बसली. ओल्या काड्यांचं गाणं म्हणे रेडिओवर एकदा लागलं, आणि नेमके त्या वेळी ते स्वतः बसमध्ये होते. ही सगळी माहिती डोरीनची. खरी किती, खोटी किती, देव नसलेल्या आपल्या घरात देव जाणे.

मला ते संगीत आवडत होतं का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. कवळी मला कधीच आवडली नाही. पण ओल्या काड्या मला आवडायला लागल्या होत्या. कारण त्या संथ होत्या. ढोल असा पडायचा की एकदा पडला की पुन्हा पडेल की नाही असं वाटावं. आणि त्यावर एका बाईचा खोल, जाड, जमिनीतून आल्यासारखा आवाज. डोरीनने कळवलं होतं की गाणारी मुलगी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरते. राग होता त्या गाण्यात, पण आपल्यापर्यंत येईतो त्याचं दुःख झालेलं असे.

तो आवाज तुम्हाला का लागला होता, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. तुम्ही आपणहून थोडंच सांगणार? सांगितलं आईंनी. तुम्ही शाळेत असताना जयंतीच्या कार्यक्रमासाठी मुलींचं गाणं बसवलं जात होतं. बसवणाऱ्या बाईंनी तुमचा आवाज ऐकला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिचा आवाज पुरुषी आहे, हिला मागं उभी करा, अन् हिने फक्त तोंड हलवायचं. तुम्ही मागं उभ्या राहिलात, तोंड हलवलंत, टाळ्या झाल्या, घरी आलात. त्यानंतर कोणासमोर गायला नाहीत. वंदनेतसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायचात. परवा लोक ज्याला मितभाषी म्हणत होते ना, त्याची सुरुवात ती.

आणि मग समुद्रापलीकडून ही बिस्किटवाली आली. तुमच्यासारखाच आवाज, आणि तिला कोणी मागं उभं केलं नव्हतं. ती पुढे उभी राहून गात होती.

पहिल्यांदा तुम्हाला गाताना मी कुंडम गावी ऐकलं. तुमची तिकडे बदली झाली होती. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचात आणि शनिवारी घरी यायचात. दिवाळीच्या सुटीत मी मैत्रीला घेऊन तुमच्याकडे आले होते. बसमधून तुमचा टेप मांडीवर घेऊन, कारण तुम्ही फोनवर आधी टेप आणि मग आम्ही, अशा क्रमाने बोलावलं होतं. तुमच्या खोलीमागे सागाचं जंगल सुरू व्हायचं. दुपारी मैत्री झोपली. तुम्ही ओल्या काड्या लावल्या, दार लोटलंत, आणि उभ्या राहिलात. मला वाटलं पाणी प्यायला उठल्या. तुम्ही गायला लागलात. इंग्रजी नाही, मराठी. तुम्ही त्या गाण्याला मराठी शब्द करून ठेवले होते, हे मला माहीतच नव्हतं. 'भोंगा वाजला, पोरी निघाल्या, हाताला साखर, पोटात काही नाही.' असंच काहीतरी, अगदी साधं. आणि तो आवाज, ताई. मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली आणि तो तुमच्यात आहे याचा मला पत्ता नव्हता. गाणं संपल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात.

"काहून अशी पाहून राहिली?"

"काही नाही."

"मग चहा ठेव."

मी चहा ठेवला. मला म्हणायचं होतं की माझ्या अंगावर काटा आला. पण नणंद-भावजयीत असं बोलायची रीत नव्हती, म्हणून चहात आलं जास्त घातलं.

त्यानंतर घरीही तुम्ही गायला लागलात. रविवारी दुपारी, वरच्या खोलीत, दार लावून, मी असताना. फक्त ओल्या काड्या. माझ्यासमोर चालायचं, कारण मी घरचीच आणि मला सुरातलं काही कळत नाही अशी तुमची खात्री होती. मी कितीदा म्हटलं, ताई, जयंतीला गा. महिला मंडळात गा. निदान आईंसमोर गा. तुम्ही म्हणायचात, "दुसरा विषय नाही का तुला?" तुमच्या बँडवाल्यांना कोणी ऐकलं नाही म्हणून तुम्ही जगाशी भांडत होता, आणि स्वतःला कोणाला ऐकू देत नव्हता. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते. तुम्ही पातेलं उचलून खाली निघून गेलात. पुढच्या रविवारी पुन्हा गायलात.

मग मागच्या उन्हाळ्यात मैत्री पुण्याहून सुटीवर आली. आपण गहू निवडत होतो. ती मोबाइल नाचवत वर आली. पुण्यात राहूनही तिचं मराठी अर्धं हिंदीच. "आत्या, सुनो, वेट मॅचेस मिल गए. तिकडे कोणीतरी छोट्या बँडच्या रेकॉर्डी जमा करतो, त्याने इंटरनेटवर टाकलंय."

तिने लावलं. सुरू झालं आणि संपलं. मला वाटलं बिघडलं.

"हे काय होतं?" तुम्ही विचारलंत.

"वही गाना, आत्या."

"नाही."

"अगं वही है. शब्द ऐक ना."

पुन्हा लावलं. शब्द तेच होते. पण धावत होते, एकमेकांच्या टाचांवर पाय देत. ढोल थांबायचं नाव घेत नव्हता. आणि आवाज एका लहानशा, चिरक्या, तिखट पोरीचा. तुम्ही गव्हाचं ताट खाली ठेवलंत, तिसऱ्यांदा लाव म्हणालात आणि मान तिरकी करून ऐकलंत. मग हसलात. "ही तर चिमणी आहे वं."

संध्याकाळी तुमच्या भावाने टेप उघडला आणि सगळा उलगडा झाला. आतला रबरी पट्टा कंपनीचा नव्हताच. जुन्या क्वार्टरमध्ये असताना कधीतरी तो तुटला होता आणि बाबांनी सायकलच्या ट्यूबमधून कापून दुसरा बसवला होता. बाबा फॅक्टरीत फिटर. बाजारातून वस्तू आणणं म्हणजे त्यांना हार वाटायची. पट्टा जरा सैल बसला होता, तेव्हापासून टेप हळू फिरत होता. गाणं लांबत होतं, आवाज खाली जात होता. बाबांनी म्हटलं असेल, चालतोय ना? मग झालं. आणि ओल्या काड्यांची कॅसेट आली त्यानंतर, त्यामुळे त्यांची खरी चाल तुम्ही कधी ऐकलीच नव्हती.

त्या संध्याकाळी आपण किती हसलो. कारण आईंनी वंदनेची कॅसेटही त्याच टेपवर ऐकायची सवय लावून घेतली होती. इतर गाण्यांना बंदी, पण आईंना कोण अडवणार? त्या कौतुकाने सांगायच्या, आपल्या कॅसेटमधले भंतेजी किती सावकाश म्हणतात, मन कसं स्थिर होतं. अख्खं घर ते ऐकूनच वंदना म्हणायला शिकलं होतं. म्हणूनच विहारात सगळ्यांची ओळ संपून जायची आणि आपलं एक कुटुंब मागे रेंगाळत राहायचं. लोक वळून बघायचे. बाबा म्हणायचे, यांना घाई आहे, आपल्याला नाही. हे आठवून तुमचा भाऊ हसता हसता पलंगावर आडवा पडला. तुम्हीही डोळे पुसत होता.

"नवा बेल्ट टाकून आणू का?" त्याने विचारलं.

"राहू दे," तुम्ही म्हणालात.

पुढच्या रविवारी तुम्ही टेप लावला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी वर आले, आपण बसलो, काम केलं, मैत्रीच्या लग्नाविषयी बोललो. गाणं नाही. मी काही दिवस वाट पाहिली, मग मला राहवेना.

"ताई, गाणं काहून बंद केलं?"

"कोणतं गाणं?"

"असं नका करू."

तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. मग म्हणालात, "कुंदा, मला वाटे, कुठंतरी एक बाई आहे. तिला माझाच आवाज आहे, अन् ती सगळ्यांपुढं उभी राहून गाते. मी तिच्यासोबत गात होती. आता पाहिलं तर ती अशी नाहीच. तो आवाज बाबाच्या ट्यूबचा. मग मी इतके वर्षं कोणासोबत गात होती?"

"पण तुमचा आवाज तर तुमचाच होता ना? तो काही ट्यूबचा नव्हता."

"म्हणूनच तर," तुम्ही म्हणालात. "म्हणजे मी एकटीच होती."

मी चिडले. मी म्हटलं, एकटी काहून? मी नव्हते का तिथे? तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तू तर घरचीच आहे." त्यात प्रेम होतं, मला माहीत आहे. पण माझी साक्ष तुम्ही धरली नाहीत. त्या दिवसापासून आपलं भांडण जे सुरू झालं ते संपलंच नाही. मी कधी लाडीगोडी लावली, कधी टोमणे मारले. एकदा म्हटलं, ती चिमणी तर चिमणी, तुम्ही कोकिळा नाही तर नाही, घुबड व्हा पण गा. तुम्ही हसलात. गायला नाहीत.

थंडीत तुमची छाती भरून यायला लागली. डॉक्टर, औषधं, पुन्हा डॉक्टर. दवाखान्यातून घरी आलात तेव्हा मी तुमची उशी नीट करताना विचारलं, ताई, एकदा म्हणा ना, हळू म्हणा. "घसा बसला आहे माझा," तुम्ही म्हणालात. "चलो, नंतर." नंतर म्हणून तुम्ही आजवर कोणतंही काम टाकलं नव्हतं. तेवढं एक टाकलंत.

तुमचा आवाज कुठेही भरून ठेवलेला नाही. मैत्री म्हणते, आई, एकदा तरी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं होतंस. तिला काय सांगू? माझ्या हातात मोबाइल दिसला असता तर तुम्ही तोंड मिटलं असतं. तुमच्या त्या बिस्किटवालीचं एक तरी गाणं कोण्या माणसाने जपून ठेवलं आहे. तुमच्यासाठी तेवढंही नाही. तुम्ही ज्यांची बाजू घेऊन भांडलात त्या सगळ्यांपेक्षा तुम्ही जास्त विसरल्या जाणार, याचा मला राग येतो ताई. परवा ते सगळे शांत, साधी, मितभाषी म्हणत होते तेव्हाही तोच राग होता.

तुमचे उपकार मानायचेही राहून गेले. माझं बी.एड. तुमच्यामुळे झालं. बाबा म्हणाले होते, घरात एक नोकरी करणारी आहे, पुरे. तुम्ही म्हणालात, मग मी सोडते, हिला करू द्या. रोज सकाळी राइट टाउनला कॉलेजच्या फाटकाशी मला स्कूटरवरून सोडून तुम्ही ऑफिसला जायचात, आणि मला उशीर झाला की रस्ताभर बोलणी खावी लागत. मितभाषी म्हणे. आज मी शाळेत प्रार्थना बसवते तेव्हा जाड आवाजाच्या मुलीला पुढच्या रांगेत उभी करते. बाकीच्या शिक्षिकांना ते विचित्र वाटतं. मी कारण सांगत नाही. तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी कालच लिहून तुमच्या फोटोपाशी ठेवणार होते. पण काल दुपारी एक गोष्ट झाली आणि खरं तर तीच सांगायची आहे.

शेजारच्या तिवारी भाभी आल्या. त्यांचं-आपलं नातं तुम्हाला माहीत आहे. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण बोलणं सगळं फाटकातून. सणाला ताट द्यायच्या, आपलं ताट कधी घेतलं नाही. काल त्या फाटक उघडून आत आल्या, चप्पल काढली आणि खाली सतरंजीवर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी क्षणभर पेल्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायलं. मग म्हणाल्या, "भाभी, बुरा मत मानना, एक बात पूछनी थी. अम्मा ने भेजा है."

अम्मा म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या पडून असतात, मागच्या खोलीत, आपल्या वरच्या खोलीच्या खिडकीसमोर.

"दीदी इतवार की दोपहर में जो गाती थीं, वो कौन-सा भजन था?"

"तुम्हाला ऐकू यायचं?" मी मराठीतच विचारून बसले. त्यांना समजलं.

"रोज थोड़ी. इतवार को. अम्मा टीवी बंद करवा देती थीं. कहतीं, खिड़की खोल दो, दीदी के गाने का टाइम हो गया. घर में मेहमान भी हों तो चुप बैठना पड़ता था." भाभी जरा हसल्या. "इतनी भारी आवाज, भाभी. अम्मा कहती हैं, ये आवाज सुन के लगता है कोई सिर पे हाथ रख रहा है. पिछली गर्मी से बंद हो गया तो रोज पूछती थीं, दीदी कहीं बाहर गईं क्या?"

ताई, मी त्यांच्यासमोर रडले आणि हसलेही. त्यांना वाटलं असेल, बाईला काय झालं. मी सांगितलं, भाभी, ते भजन नव्हतं. इंग्लंडातल्या बिस्किटाच्या कारखान्यातल्या एका मुलीचं गाणं होतं, ताईंनी मराठीत केलं होतं. भाभींनी ते जरा विचार करून स्वीकारलं. अम्मांना सांगायला काहीतरी हवं होतं त्यांना.

"मतलब क्या था उसका? वो जो बार-बार आता था आखिर में?"

मला धृपद पाठ होतं. गाता येत नाही, म्हणून नुसतं बोलून दाखवलं. 'आम्ही इथंच होतो. तुम्ही पाहिलं नाही.' मग हिंदीत सांगितलं, हम यहीं थे, तुमने देखा नहीं.

भाभी सतरंजीची किनार बोटाने सरळ करत राहिल्या. मग आपल्या वरच्या खोलीच्या दिशेला पाहून, माझ्याशी नाही, तुमच्याशी बोलल्यासारखं हळूच म्हणाल्या, "देखा तो सच में नहीं, दीदी. पर सुना है. एक भी इतवार नहीं छोड़ा."